तीन दुर्बिणी आणि तिनसांज

रिसोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. अकोल्याला डोळे तपासणीचा डिप्लोमा केला, दोन वर्षं एका दवाखान्यात काम केलं आणि मग स्वतःची पाटी लावली. बाईमाणूस नीट नंबर काढेल का, असं सुरुवातीला लोकांना वाटायचं. आता नातवाला घेऊन आलेले आजोबा ‘ताई कुठी हाय? मी थांबतो’ म्हणून बाकावर बसून राहतात. काचेच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, हे मी छातीठोक सांगते. काच हातात घेऊन ट्यूबलाइटखाली जरा तिरपी केली की तिच्यावरचा लेप खरा आहे की नुसता रंग मारलाय, ते दिसतं. सुताराला लाकूड कळतं, तसंच हे.

सोयाबीन निघालं होतं, बाजार थंडावला होता, त्या दिवसांत एक उंच, ताठ माणूस दुकानात आला. साठी ओलांडलेली, पण चालणं असं की पाठीला फळी बांधलीय. खांद्यावर हिरवी लष्करी पिशवी. त्यानं काउंटरवर एक टॉवेल ठेवला आणि सावकाश उलगडला. आत तीन काळी नळकांडी.

“तुमी काचा पाहता ना, ताई?”

“पाहते. कोणाचा चष्मा करायचा हाय?”

“चष्मा नाही. रायफलीवरच्या दुर्बिणी हायेत ह्या. तिनसांजच्या उजेडात ह्या तिन्हीतली कोणती चांगली दिसते अन् पैशाले कोणती परवडते, तेवढं सांगा. दुकानदाराले इचारलं तं तो सगळ्यात महागाची दाखवते. मोबाइलवर पाहावं तं जो तो आपलीच कंपनी खरी म्हन्ते.”

मी जरा मागं सरले. तेव्हा त्यानं स्वतःहून वरच्या खिशातून घडी घातलेले कागद काढले. एक बंदुकीचा परवाना, एक वनखात्याची लेखी परवानगी. त्यावर मुदत, गावं आणि जनावरं लिहिलेली. फक्त रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय.

त्याचं गाव रिठदच्या पुढं. चोवीस वर्षं सैन्यात काढून तो गावी आला होता आणि सहा एकर वावर करत होता. त्या पट्ट्यात नाल्याच्या काठानं झुडपी जंगल आहे, आणि तिथून डुकरं हरभऱ्यात उतरतात. एका रात्रीत अर्धा एकर असा उकरतात की नांगर फिरल्यासारखा दिसतो. लोक वनखात्यात अर्ज देतात, पंचनामे होतात, आणि परवानगी निघाली की बोलावणं फौजीकाकाला. आसपासच्या चार गावांत परवाना आणि स्थिर हात दोन्ही असलेला तो एकटाच. मारलेलं जनावर जागेवरच ठेवायचं, वनरक्षकाला बोलवायचं, त्याच्या समोर पुरायचं. या कामाचे तो कोणाकडून काही घेत नव्हता.

“पन डुक्कर काही दुपारी येत नाही, ताई. ते येते दिवेलागनीले, नाहीतं पहाटी. उजेड असा दोन बोटं राहते. त्या दोन बोटांत दिसलं पायजे.”

पुण्या-मुंबईच्या माणसाला ‘दोन बोटं उजेड’ कळणार नाही कदाचित. मला लगेच कळलं: मावळतीला आडव्या धरलेल्या दोन बोटांच्या जाडीएवढाच उरलेला उजेड.

मी दुर्बिणी एकेक उचलून पाहिल्या. पहिली जर्मन. त्याच्या पलटणीतल्या एका जुन्या साहेबानं पाहायला म्हणून दिलेली. वजनदार, पुढची काच चहाच्या कपाच्या तोंडाएवढी. किंमत विचारली तर म्हणाला, “चांगली दुभती मुऱ्हा म्हैस येते.” दुसरी जपानी, नागपूरच्या दुकानदारानं पसंत पडली तर ठेवायच्या बोलीवर दिलेली, पुढची काच जरा लहान. “हे म्हंजे जुनी फटफटी.” तिसरी चिनी, दोन वर्षांपासून त्याच्याच रायफलीवर असलेली. “अन् हा बोकड.” बोकडाच्या अंगावर मात्र सगळ्यात जास्त आकडे. चोवीस पटीपर्यंत मोठं दिसेल असं सोनेरी अक्षरांत कोरलेलं.

तेव्हाच मी त्याला एक गोष्ट शिकवली. दुर्बीण हातभर लांब धरायची आणि डोळ्याकडच्या काचेकडं पाहायचं. तिथं एक उजेडाचा गोल ठिपका दिसतो. दुर्बिणीतून डोळ्याला मिळणाऱ्या उजेडाची जाडी तेवढीच. जर्मनमधून तो ठिपका ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याहून मोठा दिसला, पट्टीवर सात मिलिमीटर. जपानीचा सहा पटीवर त्याच्या जवळपास, नऊ पटीवर साडेचारच्या आत. चिनी चोवीस पटीवर नेली तर ठिपका मोहरीएवढा, दोन मिलिमीटर.

“तुमी हिले चोवीसवर ठेवता का?”

“मोठं दिसते ना.”

“मोठं दिसते, पन काळं दिसते. तिनसांजले सहावर आना. डुक्कर लहान दिसन, पन दिसन.”

तो त्या ठिपक्याकडं बराच वेळ पाहत राहिला. मग हसला. “चोवीस वर्षं बंदूक धरली, पन हे कोनी सांगतलं नाही.”

मला तेव्हा फार छान वाटलं होतं. त्याच भरात मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि समोरचा तक्ता वाचायला लावला. तो नको म्हणत होता. “मिलिटरीचा डोया हाय, ताई.” पण वाचला. वरचे दोन्ही दिवे लावलेले, तक्ता पांढराशुभ्र, अक्षरं काळी कुळकुळीत. शेवटची एक ओळ सोडून सगळं धडधड वाचलं. या वयाला हे चांगलंच, म्हणून मी तिथंच थांबले. टॉर्च घेऊन आत पाहिलं नाही. चूक माझी. ती पुढं कळली.

कोणती दुर्बीण चांगली हे दुकानात बसून सांगता येणार नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या वावरात येते, तिनसांजेला, आणि तिथं लावू निकाल. असलं काम मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. रोज तेच ‘जवळचं दिसत नाही, लांबचं दिसत नाही’. काचेला काच लावून पाहायची संधी मला सोडायची नव्हती.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडं एक तक्ता असतो. त्यात एकच इंग्रजी अक्षर, तीन दांड्यांचा ई, कधी उजवीकडं तोंड करून, कधी खाली, कधी वर. दांड्या कोणीकडं आहेत ते हातानं दाखवायचं. मी शेजारच्या फ्लेक्सवाल्याकडून तसे तीन ई छापून घेतले, एक मोठा, एक मधला, एक लहान. पण पांढऱ्यावर काळे नाही. मातकट रंगावर गडद तपकिरी. डुक्कर काही पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहत नाही. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, “हा कोणता पक्ष हाय, ताई?” मी म्हटलं, डुकराचा. तो बिचारा दोन दिवस माझ्याकडं संशयानं पाहत होता.

फ्लेक्स पुठ्ठ्यावर चिकटवून मी दुपारच्या एसटीनं गेले. काका फाट्यावर न्यायला आला होता. वावरात त्याची बायको भेटली. बुटकी, चपळ, बोलायला मोकळी. नवऱ्याला ‘तुमी’ म्हणणार, पण त्या ‘तुमी’त धाक कोणाचा कोणाला, ते लगेच कळत होतं. मला तिनं वाटीभर उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या आणि म्हणाली, “ह्या मानसानं तुले एवढ्या लांब आनलं का काचा पाहाले? डोकं फिरलं हाय त्याचं. दोन महिने झाले, तेच चालू हाय.”

रायफल घरी ठेवायची, ही माझी अट होती आणि त्यानं ती पाळली होती. आम्ही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, वाळूनं भरलेली दोन पोती टाकली आणि त्यांवर तिन्ही दुर्बिणी शेजारी शेजारी ठेवल्या, तिन्ही सहा ते आठ पटीच्या मध्ये. शंभर पावलांवर, तुरीच्या कडेला, बांबूला तीन पुठ्ठे टांगले. पुठ्ठे फिरवायचं काम काकूनं घेतलं. मी तिला ई समजावून सांगायला लागले तर ती म्हणाली, “कळलं. दंताळं हाय हे. दात कोनीकडं, ते सांगाचं.”

त्या दिवसापासून मीही त्याला दंताळंच म्हणते.

सूर्य खाली गेला. पहिल्या फेरीत आम्हा दोघांनाही तिन्ही दुर्बिणींतून तिन्ही दंताळी दिसली. चिनीतून जरा दुधाळ, जणू मध्ये कोणी पातळ फडकं धरलंय. तो लेपाचा दोष. उजेड काचेत शिरतो, पण आतल्या आत उधळतो. पाच मिनिटांनी दुसरी फेरी. मला जर्मनमधून लहान दंताळं स्वच्छ दिसत होतं, जपानीतून दिसत होतं पण डोळा जरा स्थिर ठेवावा लागत होता, चिनीतून लहान गेलं होतं. मी वहीत मांडत होते. काका प्रत्येक दुर्बिणीला डोळा लावायचा, श्वास रोखायचा आणि हुकूम द्यावा तसं सांगायचा. “लहान, डावीकडं. मधलं, वर.”

मी पाहिलं. लहान खाली होतं. मधलंही वर नव्हतं.

मला वाटलं माझीच गफलत. मी पुन्हा पाहिलं. मग काकूला ओरडून विचारलं. तिकडून आवाज आला, “लहान खाली, मधलं उजवीकडं!”

“काका, पुन्हा पाहा बरं जर्मनमधून.”

“दिसून राह्यलं ना, ताई. मधलं वर हाय.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काहीतरी दिसत होतं आणि त्याची त्याला खात्री होती. तिसऱ्या फेरीला मोठं दंताळंसुद्धा त्यानं चुकवलं, तेही म्हशीच्या किमतीच्या दुर्बिणीतून. मला अजून साध्या डोळ्यांनी पुठ्ठा कुठं आहे ते दिसत होतं.

एवढ्यात काकू पदर खोचत धुऱ्यावर आली. “मले पाहू द्या जरा. तिकडं उभं राहून पाय दुखले.” तिला आधीच ठाऊक असू नये म्हणून मी जाऊन पुठ्ठे फिरवून आले आणि म्हटलं, आता पाहा. ती मांडी घालून बसली, जर्मनला डोळा लावला, आणि बोट नाचवत सांगत सुटली. मोठं इकडं, मधलं इकडं, लहान... लहान जरा दमानं, पण बरोबर. जपानीतून तेच.  चिनीतून म्हणाली, “ह्याच्यात धुकं भरलं.” दोन वर्षांपूर्वी शिबिरात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

मग ती नवऱ्याकडं वळली आणि मोठ्यानं हसली.

“अवो, तुमालेच दिसत नाही. दुर्बिनीले काहून नावं ठेवता?”

 काकानं तिन्ही दुर्बिणी टॉवेलात गुंडाळल्या, एकेक कोपरा नीट दुमडून. उजेड डोळ्यावर येत होता, असं काहीतरी पुटपुटला. सूर्य आमच्या पाठीमागं बुडाला होता. मला फाट्यावर सोडून तो एसटी येईपर्यंत उभा राहिला, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली, खोटं कशाला सांगू. पण सकाळी दुकानाचं शटर उघडताना मनात एकच होतं, की मी टॉर्च का नाही घेतला हातात. भरपूर उजेडात, पांढऱ्यावर काळं असलं की, मोतीबिंदूचा माणूसही तक्ता वाचून जातो. संध्याकाळी, मातीवर माती पाहायची वेळ आली की उघडा पडतो. हे मला पुस्तकातून पाठ होतं. मी त्याच्या ताठ चालण्यावर विसंबले होते.

फोन करावा असं दोनदा वाटलं. केला नाही. बोलावून आणलेला माणूस डोळे मिटून घेतो, हा माझा अनुभव. आठवडाभरानं तो आपला आपण आला, सकाळी दुकान उघडायच्या वेळी, बायकोला घेऊन. तिला त्यानं बाहेरच्या बाकावर बसवलं. “तू बस अथीसा, ऊन खाय.”

मी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. आधी अंधारात त्याची बाहुली किती उघडते ते मोजलं. चार मिलिमीटर, जेमतेम.

“हे पाहा, काका. जर्मन दुर्बीण सात मिलिमीटर उजेड पाठवते. तुमची बाहुली चार उघडते. पाट मोठा अन् मोरी लहान, असं झालं. उरलेलं पानी बाहेरच सांडते. वय झालं की सगळ्यांचंच असं होते. म्हनून काकूले दोन्ही दुर्बिनी सारख्याच दिसल्या. तुमाले म्हशीची गरज नाही. फटफटी पुरते.”

तो मान डोलावत होता. मग मी टॉर्च घेतला. उजव्या डोळ्यात, त्याच्या नेमाच्या डोळ्यात, भिंग चहाच्या रंगाचं झालं होतं. डाव्यात सुरुवात होती.

“पन मोरीत चिखल हाय,” मी म्हटलं. “मोतीबिंदू हाय, काका. चांगला वाढलेला. हा काढल्याशिवाय कोणतीच दुर्बीन कामाची नाही.”

  मग त्यानं मला विचारलं, “किती दिवसाचा असन?”

“दोन वर्षं तरी.”

“म्हंजे सप्टेंबरात होता.”

“होता ना.”

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. सांगायला लागला तेव्हा आवाज अगदी साधा होता, अहवाल दिल्यासारखा. सप्टेंबरात परवानगी आली होती, तो सोयाबीनच्या कडेला बसला होता. उजेड जायला आला होता. तुरीत काहीतरी काळं हललं. वाकलेलं, हळूहळू पुढं सरकणारं. दुर्बिणीत घेतलं, तर पाठ दिसली, मान खाली. डुक्करच. त्यानं खटका मोकळा केला, बोट आत नेलं. मग ते काळं उभं राहिलं आणि त्यानं पदर झटकला.

“कोन होतं, काका?”

त्यानं दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. बाकावर त्याची बायको उन्हात बसून शेजारच्या बाईला काहीतरी रंगवून सांगत होती.

“माही शाल घेतली होती तिनं आंगावर. तपकिरी. तुरीतल्या चवळीच्या शेंगा तोडून राह्यली होती भाजीले. मी तिले सांगतलं नाही अजून. मले वाटलं दुर्बीन खराब हाय. म्हनून ह्या तिन्ही आनल्या.”

मी टॉर्च बंद करून चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं.  मी म्हटलं, “काका, आज मी चिठ्ठी देते. अकोल्याले जा. ऑपरेशन होऊन मी पुन्हा पाहेपर्यंत रायफलीले हात लावाचा नाही. वनखात्याले सांगा, जमत नाही म्हनून. कोनी कितीही बोलावलं तरी.”

“हरभरा हाय लोकायचा उभा.”

“हरभरा पुन्हा पेरता येते.”

त्यानं चिठ्ठी घेतली, घडी घालून वरच्या खिशात, परवान्याच्या कागदाशेजारी ठेवली. निघताना मी हळूच म्हटलं, “अन् काकूले सांगा.” तो म्हणाला, “आधी डोया होऊ द्या.”

ऑपरेशन डिसेंबरात झालं. त्या हिवाळ्यात त्यानं तीन बोलावणी परत पाठवली. एका गावचे लोक माझ्या दुकानापर्यंत आले, ‘तुमी त्याले कायले थांबवलं?’ म्हणून. मी सांगितलं, त्याचा डोळा दुरुस्तीला टाकलाय, आणि तुमच्यापैकी कोणाला उरलेल्या डोळ्यासमोर तुरीत वाकायचं असेल तर सांगा, मी त्याला निरोप देते. ते चहा पिऊन गेले.

पुढची गोष्ट मला काकूनं सांगितली, दीड महिन्यानं, त्याच्या जवळच्या चष्म्याचा नंबर काढायला दोघं आले तेव्हा. काका चौकात बियाण्याच्या दुकानात गेला होता.

“अकोल्याहून येताना एसटीत सांगतलं त्यानं मले,” ती म्हणाली. “काळा चष्मा लावून बसला होता, खिडकीकडं तोंड करून. म्हन्ते, सप्टेंबरात तुरीत मले तू डुक्कर दिसली. मले आधी वाटलं मजाक करते. मंग म्हन्ते, तुया आंगावर माही तपकिरी शाल होती, तवा कळलं.”

“मग तुमी काय म्हनलं?”

“काहीच नाही.   मेली असती तरी कळलं नसतं मले, शेंगा तोडता तोडता. वाशिमले स्टँडवर उतरल्यावर मंग मी त्याले लय बोलली. मानसं जमा झाली. एक पोलीस येऊन इचारते, काय झालं मावशी, हा तरास देते का? मी म्हनलं, नाही बाबा, नवरा हाय महा, ऑपरेशन झालं हाय त्याचं.” ती हसली, पण डोळे पुसून. “घरी आल्यावर कपाटाची किल्ली काढून घेतली. रायफलीच्या. ही पाहा.”

तिच्या गळ्यात काळ्या मण्यांच्या शेजारी ती किल्ली होती.

मी विचारलं, काका रागावले नाहीत का. ती म्हणाली, “कोन्या तोंडानं रागावन?”

फेब्रुवारीत मी पुन्हा त्या वावरात गेले. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटले होते, आता बंदुकीचा धक्का चालेल असा कागद होता. तीच पोती, तेच पुठ्ठे. चिनी या वेळी आम्ही आणलीच नाही. जर्मन आणि जपानी, दोनच. जर्मन साहेबाला परत द्यायची होती, पण काकाला एकदा नव्या डोळ्यानं पाहायचं होतं.

उजव्या डोळ्याला जर्मन लावून तो ती बाजूला करेचना, तेव्हा मला काळजी वाटली.

“काय झालं?”

“पुठ्ठ्यावरची दोरी दिसून राह्यली, ताई. दोरीची गाठ दिसून राह्यली.”

आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. माझ्या डोळ्याला शेवटपर्यंत जर्मन पुढं होती, एका फेरीनं, म्हणजे पाच मिनिटांनी. त्याच्या डोळ्याला दोन्ही सारख्या, अगदी शेवटी जर्मन किंचित उजळ. त्या किंचितसाठी म्हैस विकायची का, असं मी विचारलं. त्यानं जरासा विचार केला. जर्मन हातात घेऊन तिचं वजन जोखलं, कड्यांवरून अंगठा फिरवला. चांगल्या वस्तूची ओढ मलाही कळते, मी त्याला घाई केली नाही.

“नाही,” तो म्हणाला. “शेवटच्या पाच मिनिटांत मी गोयी मारनारच नाही. मंग ते पाच मिनिटं इकत घेऊन काय करू?”

माझ्या सोळा वर्षांच्या धंद्यात वस्तूच्या किमतीबद्दल इतकं नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही.

जपानी त्यानं ठेवली. मी तिच्यावर सहा पटीच्या जागी नखपॉलिशचा लाल ठिपका लावून दिला, तिनसांजेला त्याच्या पुढं फिरवायची नाही म्हणून. जर्मन साहेबाकडं गेली. चिनी काकूनं घेतली. ती गच्चीवरून कोणाच्या वावरात रोही शिरले ते पाहते आणि ज्याचं वावर त्याला फोन करते. धुकं भरलेल्या दुर्बिणीचाही गावाला उपयोग झाला.

माझ्यातही एक बदल झाला. आतल्या खोलीत मी आता मंद दिव्याखाली एक मातकट तक्ता लावला आहे. पन्नाशीच्या पुढचं कोणीही आलं, शेतकरी असो, ड्रायव्हर असो की मास्तर, त्याला आधी उजेडातला वाचायला लावते आणि मग तो. लोक कुरकुरतात. ‘पहिला वाचला ना, ताई, आता काय?’ मी म्हणते, दुसराही वाचा. आणि टॉर्च हातात घेतल्याशिवाय कोणाला उठू देत नाही. त्यात किती जणांचा मोतीबिंदू सापडला, ते मोजलेलं नाही. पण सापडले.

मागच्या महिन्यात पोहरादेवीचं दर्शन घेऊन परत येताना मी वाट वाकडी करून त्यांच्याकडं चहाला थांबले. परवानगी नव्यानं आली होती, खाली हरभऱ्यात डुकरं उतरल्याचा फोन नुकताच येऊन गेला होता. काका अंगणात बूट घालून तयार. काकू चुलीपाशी.

“किल्ली दे वं.”

ती उठली, दारात आली, डोळ्यांवर हात धरून नाल्याकडच्या झाडीकडं पाहिलं. कडुनिंबाची पानं अजून वेगळी वेगळी दिसत होती, पण खालचं कुंपण एक काळी रेघ झालं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “झाला टाइम. सकायी जा.”

तो क्षणभर उभा राहिला. मग खाटेवर बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला आणि मला म्हणाला, “बरोबर हाय तिचं. साखर कमी टाकाले सांगा मात्र, चहात.”